उत्तम! असेच चालू ठेवा

मुरगूडच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या दूध संस्थेच्या खिडकीत गुरुसिद्ध वीस वर्षं बसला, म्हणजे बोलत बसला. किटली हातात घेतली की माप लावायच्या आधीच विचारायचा, "अक्काताई, म्हशीची सरकीची पेंड बंद केलीसा व्हय?" दूध घालायला आलेली बाई रिकामी किटली आणि एक सल्ला घेऊनच घरी परतायची.

२००२ साली संस्थेत संगणक आला. दूध यंत्रात ओतलं की लिटर आणि फॅट मोजून चिठ्ठी बाहेर. खिडकीतलं बोलणंच संपलं. चिठ्ठीवर नुसते आकडे. लोक ती उलटीसुलटी करून बघत आणि खिशात कोंबत. गुरुसिद्धाला वाईट वाटलं. एवढं शहाणं यंत्र, आणि मुकं! त्यानं कोल्हापूरच्या संगणकवाल्या पृथ्वीराजला चहावर चहा पाजून स्वतः रचलेली सहा वाक्यं आत भरून घेतली. आकडे बघून वाक्य यंत्रच निवडायचं. फॅट घसरली तर 'वैरणीकडे लक्ष द्या.' वाढली तर 'उत्तम! असेच चालू ठेवा.' पोरगं पहिल्यांदा बोलल्यावर बाप ऐकतो, तसा तो छपाईची करकर ऐकत उभा राहिला.

ही वाक्यं सगळ्यात मानवली ती यल्लव्वाला. साठाव्या वर्षी ती साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती. आकड्यांशी तिचं कधी जमलं नाही, पण छापलेलं वाक्य ती संस्थेपासून घरापर्यंत मोठ्यानं वाचत जायची. महिनाभर रोज 'उत्तम!' शेजारणींनी रस्ता बदलला.

एका सकाळी गुरुसिद्धानं तिची किटली जुन्या सवयीनं उचलून बघितली. हलकी लागली.

"अक्का, म्हस गाभण हाय न्हवं? कितवा म्हैना?"

"आठवा सरला की."

"आणि अजून पिळतीस? धार बंद करून आटव तिला! पोटातल्या रेडकाला काय ऱ्हाणार?"

"कागद म्हणतोय, असंच चालू ठेवा."

गुरुसिद्ध गार पडला. आटत आलेल्या म्हशीचं दूध कमी होतं, तसं दाट होतं, फॅट चढणारच. वीस वर्षं लिटर त्याच्या हातालाच कळत होते. वाक्यं रचताना फॅटबरोबर लिटरही बघ, असं यंत्राला सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"कागदाचं ऐकू नगंस. माझं ऐक."

"कागदातलं वाक्य कुणाचं?"

"माझंच."

"मग आधी तुमी दोघं एकमेकांत ठरवा, मग मला सांगा."

त्यानं चिठ्ठीवर पेनानं लिहून दिलं, 'म्हैस आटवा.' तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "छापलेलं न्हाय हे."

पृथ्वीराज आठवड्याशिवाय यायचा नव्हता. तेवढे दिवस रेडकाच्या वाट्याचं किटलीत जाणार. गुरुसिद्धानं बूथवरून त्याला फोन लावला, कुठल्या कळा दाबायच्या ते विचारून घेतलं आणि दुपारभर एका बोटानं 'उत्तम!'चं वाक्य बदललं.

दुसऱ्या सकाळी यल्लव्वाला छापील आज्ञा मिळाली, 'म्हैस आटवा.' तिनं ती दोनदा वाचली आणि त्या दिवसापासून म्हशीखाली बसली नाही. पण गावात ज्यांची ज्यांची फॅट वाढली होती, त्या चाळीस घरांनाही तीच आज्ञा मिळाली. भाऊसो पाटील चिठ्ठी नाचवत ओरडला, "व्याल्याला पंधरा दीस झाले न्हाईत, आणि आटवू काय रं?"

"तुमची न्हवं! तुमची न्हवं!" खिडकीतून गुरुसिद्ध घसा फोडत होता. वर्षभरात पहिल्यांदाच खिडकीत पुन्हा एवढं बोलणं चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर तो रंगात आला होता.

आठवड्यानं पृथ्वीराजनं येऊन ते वाक्य निस्तरलं. दोन महिन्यांनी यल्लव्वाची म्हैस व्याली. रेडी झाली, टणक, काळीभोर. ती खरवसाची वाटी घेऊन खिडकीशी आली.

"तुला न्हवं," तिनं वाटी आत सरकवली, "कागदाला आणलाय. पर त्याला तोंड न्हाय, म्हणून तू खा."

त्यानं खरवस चाटूनपुसून खाल्ला. मात्र तेव्हापासून आमच्या गावच्या प्रत्येक चिठ्ठीवर सगळ्यात खाली एक सातवं वाक्य छापून येऊ लागलं, 'तरी एकदा गुरुसिद्धाला विचारा.'