खंडेनवमीला गेलेला सिग्नल

चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या शेडमध्ये, मी सेन्सर बसवले तेव्हा मी कंपनीची नव्हते. कंपनीचं हेल्मेट घालायचे, कंपनीच्या बसने चिंचवडहून जायचे, कंपनीच्या कॅन्टीनचं पातळ वरण ओरपायचे, पण पगार एका ठेकेदाराकडून यायचा. आमच्या या पट्ट्यात माणसाची ओळख इथूनच सुरू होते. मुलगा काय करतो, असं कुणी विचारत नाही. परमनंट आहे का, असं विचारतात. पप्पा पिंपरीतल्या कारखान्यात परमनंट होते. त्या एका शब्दावर आम्ही चाळीतून फ्लॅटमध्ये आलो, मी इंजिनिअर झाले आणि विहारातल्या कार्यक्रमांत आईला पुढच्या सतरंजीवर बसायला बोलवू लागले. त्यामुळे प्लांट हेड जेव्हा म्हणाले, "हे नेटवर्क उभं करून दाखवा, दिवाळीला तुम्हाला परमनंट करतो," तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. घरी जाऊन आईला सांगितलं, आणि आईने दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला.

काम सांगायला सोपं होतं. सेन्सर म्हणजे मुठीत मावेल एवढी डबी. ती प्रेसच्या मोटरला चिकटवायची. मोटर किती थरथरते, किती तापते, हे ती ओळखते आणि वायर नसताना शेजारच्या डबीला सांगते, ती तिच्या शेजारच्या डबीला. चाळीत गॅलरीतून गॅलरीत बातमी जाते तसंच. शेवटी सगळ्या बातम्या खांबावरच्या एका मोठ्या डब्यात येतात. त्याला गेटवे म्हणतात. त्याच्या डोक्यावर अँटेना असते, आणि तिथून सगळं ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसतं. बातमी पोचली की ठिपका हिरवा, नाही पोचली की राखाडी.

करायला मात्र ते महाकठीण निघालं, कारण प्रेस शॉपमध्ये लोखंडाशिवाय दुसरं काही नसतं, आणि लोखंड सिग्नलला वाट देत नाही. क्रेन डोक्यावरून गेली की निम्मे ठिपके राखाडी. पत्र्याच्या गुंडाळ्यांची चळत कुणी हलवली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी लॅपटॉप हातावर धरून तेलकट जमिनीवरून फिरायचे आणि आमचे इलेक्ट्रिशियन, ज्यांना सगळी कंपनी चाचा म्हणायची, शिडीवर गेटवे धरून वरून ओरडायचे, "आता? आता आलं का?" अखेर एक खांब सापडला, जिथून कानाकोपऱ्यातली डबी ऐकू येत होती. आधी सगळ्या डब्या नुसत्या लोहचुंबकावर होत्या. जागा पक्क्या झाल्यावर चाचांनी भोकं पाडून त्या स्क्रूने बसवल्या. प्रत्येक स्क्रू आवळला की म्हणायचे, "घे बेटा, हा पण झाला परमनंट." आम्ही दोघंही हसायचो. दोघंही ठेकेदाराचे.

उद्घाटन खंडेनवमीला करायची कल्पना प्लांट हेडची. हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार, प्रेसची पूजा होणार, साहेबांच्या हातून मुहूर्ताचा एक स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा एक ठोका, मारायचा, आणि त्याच क्षणी मोठ्या स्क्रीनवर त्या स्ट्रोकची रेघ उसळताना सगळ्यांनी बघायची. कल्पना चांगली होती, मी कशाला खोटं बोलू? आदल्या संध्याकाळी एकूण एक ठिपका हिरवा बघून मी घरी गेले होते.

सकाळी येऊन बघते तर प्रेस धुऊनपुसून चकाचक. हळदीकुंकवाची बोटं, झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, केळीचे खांब. सजावटीची दरवर्षी विभागाविभागांत चुरस असते. आणि त्यात माझ्या गेटवेला पहिला मान. खांबासकट, डब्यासकट, अँटेनाच्या टोकापर्यंत तो चांदीच्या कागदात गच्च गुंडाळलेला, वर झेंडूचा तुरा. जेवणाच्या डब्यात पोळ्या गुंडाळतो ना, तोच कागद. प्रेमानेच केलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

प्रेस शॉपचा सुपरवायझर जवळच्याच गावचा. आवाज मोठा, पण मनाचा वाईट नाही, असं सगळे म्हणायचे. मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, सुंदर झालंय. फक्त डब्यावरचा आणि अँटेनावरचा कागद तेवढा काढूया. त्यातून सिग्नल जात नाही."

"मांडल्याली पूजा हलवायची नसती मॅडम. दसरा झाल्याबिगर न्हाई."

"फुलं राहू दे की. नुसता कागद."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे न बघता भोवतीच्या माणसांकडे बघत म्हणाला, "तुमच्यात करत न्हाईत, ठावं हाय मला. म्हणून आमी पण बंद करायचं व्हय?"

तुमच्यात. मराठीत जातीचं नाव न घेता जात सांगायची असेल तर हा एक शब्द पुरतो. शाळेत डबा उघडल्यावर ऐकलाय, होस्टेलवर ऐकलाय, घर भाड्याने बघताना ऐकलाय. मी सिग्नलबद्दल बोलत होते, लोखंड आणि चांदीच्या कागदाबद्दल बोलत होते, आणि माणसं माझ्या आडनावाकडे बघत होती. चाचा मला कोपऱ्यात घेऊन गेले. "सोड बेटा. मी पण दरसाल टिळा लावून घेतो, नारळ फोडतो. आपण गप बसायचं असतं."

मी गप बसले नाही. तडक प्लांट हेडकडे गेले. ते सिल्कचा कुर्ता घालून पाहुण्यांची वाट बघत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आज पूजेच्या दिवशी वाद नको. एका स्ट्रोकचा तर प्रश्न आहे, निभेल."

"नाही निभणार सर. सिग्नलला मुहूर्त कळत नाही."

त्यांना ते आवडलं नाही. माझ्या खांद्यावरून दरवाजाकडे बघत म्हणाले, "पाहुणे आले."

आरती झाली. मोठ्या साहेबांनी दोन्ही हातांनी बटणं दाबली. प्रेस खाली आला, पायाखालची जमीन हादरली, आणि सगळ्या माना स्क्रीनकडे वळल्या. स्क्रीन राखाडी. एक ठिपका हिरवा नाही. कुणीतरी चुकून टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबला. प्लांट हेडनी माइक हातात घेतला. "सिस्टीम नवीन आहे," ते हसत म्हणाले, "आणि आमची ठेकेदाराकडची टीम अजून शिकतेय." ज्या माणसाला मी थोड्याच वेळापूर्वी कारण सांगितलं होतं, तो माणूस हे बोलत होता, आणि मी त्याच्या समोर हातात पेढा धरून उभी होते. सुपरवायझर खाली बुटांकडे बघत होता.

दसऱ्यानंतर कागद निघाला. चहा होईपर्यंत सगळे ठिपके हिरवे. बघायला कोणी आलं नाही.

दिवाळीच्या आधी एचआरच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. "टेक्निकली तुम्ही स्ट्राँग आहात," समोरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पण प्लांटच्या कल्चरशी जुळवून घेणं थोडं कमी पडतं, असा फीडबॅक आहे, त्यामुळे परमनंटचं जमणार नाही. पूजेच्या दिवशी काहीतरी झालं ना?" सुपरवायझर निदान माझ्या तोंडावर बोलला होता. त्याचा तो 'तुमच्यात' इथे इस्त्री करून आला होता.

घरी सांगितलं तेव्हा आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बिल्डिंगला आता काय सांगायचं, हे तिचं दुःख होतं, आणि ते खोटं नव्हतं. पप्पा मात्र शांत. त्याचाच मला जास्त राग आला. नोकरीभर ते खंडेनवमीला कारखान्यात टिळा लावून घेत आले, प्रसादाचा पुडा घरी आणत आले, आणि दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जात आले. मी ओरडले, "तुम्ही कधीच कसं काही बोलला नाहीत?" ते म्हणाले, "मला परमनंट व्हायचं होतं." मी त्या रात्री जेवले नाही.

नोकरी मी सोडली. आता भोसरीला असते, दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या ठेकेदाराकडे. सेन्सरच बसवते. चाकणच्या डब्या आहेत तिथेच आहेत, स्क्रूने पक्क्या.

यंदा खंडेनवमीला चाचांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. तोच खांब. झेंडूची एकच माळ, तीही पार खाली. गेटवे उघडा, अँटेना मोकळी. आणि शेजारी फ्रेममध्ये लावलेली छापील सूचना, खाली प्लांट हेडची सही: 'फुले चालतील. डबा व अँटेना यांवर चांदीचा कागद लावू नये. त्यातून सिग्नल जात नाही.' खाली चाचांनी लिहिलं होतं, 'सूचना सुपरवायझरने स्वतः भिंतीला ठोकली.'

मी लगेच फोन लावला. "चाचा, प्लांट हेडना कोणी विचारलं नाही का, तुमच्यात करत नाहीत का म्हणून?"

"त्यांना कोण विचारणार बेटा," चाचा म्हणाले.

संध्याकाळी तो फोटो पप्पांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी सूचना दोनदा वाचली, माझा मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "तुझं वाक्य परमनंट केलं की त्यांनी."