एका हौदात चार पाय

ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळींनो, आज जपानहून लिहिते आहे. सुट्टी तिघांची ठरली होती, पण ऐन वेळी नवऱ्याचं ऑफिसचं काम निघालं आणि सासूबाई आणि मी, अशा दोघीच आलो. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आमचं बोलणं फोनवरच्या "जेवलात का"च्या पुढे गेलं नव्हतं. आठ दिवस कसे जाणार, ही मला खरी काळजी होती.

दुपारी जंगलातल्या वाटेवर गरम पाण्याचा झरा लागला. दगडी हौद, कडेला लाकडी बाक. पाय पाण्यात सोडून बसायचं. पाटीवर ४२ अंश लिहिलं होतं. आम्ही शेजारी बसलो. मी मधे बॅग ठेवली.

हौद अरुंद होता. माझा पाय आईंच्या पायाला लागला, मी सवयीने वाकून नमस्कार केला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. समोर बसलेल्या जपानी आजींना वाटलं, मी त्यांनाच नमस्कार करतेय. मी वाकले की त्याही वाकायच्या. तिसऱ्या वेळी आईंना हसू आवरेना.

"अगं, बास कर. त्या बिचाऱ्यांची कंबर धरेल."

"पाय लागतोय, आई."

"लागू दे. मलाही तुझा लागतोय, मी करतेय का नमस्कार?"

मग त्यांनी बॅग उचलून पलीकडे ठेवली आणि जवळ सरकल्या. पुढचा अर्धा तास माझा पाय त्यांच्या पायाला लागतच होता. पण मी तो मागे घेतला नाही.

सासरच्या माणसांजवळ तुम्ही असं निवांत पहिल्यांदा कधी बसलात?