यासीनच्या मनगटातला गोळा

धारूरच्या बाजारात सलीमचाचाचं मोटर वाइंडिंगचं दुकान, आन् तिथं काम शिकणाऱ्या यासीनच्या मनगटाची लई तारीफ. मूठ आवळली की मनगटावर लिंबाएवढा गोळा वर यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताकद हाय पोरात!" चाचानं खूश होऊन आपला चामडी पट्टा त्याच मनगटावर बांधला. उस्तादाचा पट्टा! यासीन झोपतानाबी सोडायचा न्हाई.

मग बोटं बधिर पडायला लागली. अंगठा आन् त्याच्या शेजारची दोन. पकड ढिली पडली म्हणून यासीननं पट्टा आणखी आवळला. जितका आवळला तितकी बोटं मेली.

एकदा तो मोटरीत तांब्याची तार भरत होता. मोटरवाला बजरंग ओरडला, "अबे, रगत! माझी मोटर रंगवतो का?" तारेचं टोक बोटात घुसलं होतं आन् यासीनला पत्ताच न्हाई.

"थोडे दिवस घरी बस," चाचा म्हणला.

"कशाला बसू? हातच गेला तर मोटरी काय पायानं भरू?"

सकाळच्या गाडीनं त्यानं बीड गाठलं. डॉक्टरीणबाईंनी मूठ आवळायला लावली, मनगटाची सोनोग्राफी केली.

"हा स्नायू उलटा आहे. याचं मांस वर कोपराकडं असतं, मनगटात नुसती दोरी. तुझं जन्मापासून खाली आहे. मूठ आवळली की फुगतं आणि नस दाबतं. वरून हा पट्टा कुणी बांधला?"

"उस्तादानं. त्यांला काय बोलायचं न्हाई."

"नाही बोलत. पण सोड तो. आणि हा गोळा कापून काढावा लागेल."

"कापून हात येतो का?"

"दाब जाईल. नस किती जागी होईल, ते आज नाही सांगता येत."

"कापा."

पट्टा सोडायला लावला म्हणल्यावर दुकानात चाचाचं तोंड उतरलं. "म्हंजे मीच केलं?"

"गोळा आईच्या पोटातून आणलाय, चाचा. तुमी दिला का?"

ऑपरेशन झालं, टाके निघाले, गोळा गेला. बोटं मातर तशीच. यासीन रोज दुकानात डोळे मिटून बसायचा. चाचा बोटांत तार द्यायचा.

"जाड का बारीक?"

"जाड."

"बारीक हाय बे."

"परत द्या."

असं लई दिवस चाललं. एका दुपारी चाचानं तार पुढं केली आन् यासीननं हात झटकला.

"टोचली!"

बोटावर रगताचा ठिपका. चाचा फडकं शोधायला उठला.

"फडकं ऱ्हाऊ द्या, चाचा. तार द्या. जाड का बारीक, आता सांगतो."