नसलेला ठिपका

हे मी आईला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, वहिनीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्यासाठीच की तुम्ही माझ्या दादाला ओळखत नाही. उद्या आमच्याकडच्या रिठद गावच्या रस्त्यावर तो तुम्हाला भेटणार नाही, आणि भेटला तरी — तुम्ही त्याच्या बाजूने गेलात तर त्याला कळायचं नाही.

आधी लघुग्रहाचं सांगते. ते सोपं आहे.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये दगडांचा एक पट्टा आहे. त्यातला एक दगड आमच्या वाट्याला आला होता. मी तेव्हा वाशीमला बी.एस्सी. करत होते आणि आकाश बघणाऱ्या हौशी लोकांच्या एका गटात शिरले होते. दुर्बीण गटानेच वापरायला दिली होती. काम असं, की तो दगड आज कुठल्या ताऱ्यांच्या मध्ये आहे ते नकाशावर टिपायचं, आणि शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज किती ते ठरवायचं. दुर्बिणीतूनही तो दिसतो ताऱ्यासारखाच, एक ठिपका. फक्त तारे जागच्या जागी राहतात आणि हा दुसऱ्या दिवशी जरा सरकलेला असतो. भुईमुगाच्या शेंगेसारखा लांबट असावा, कारण गिरकी घेताना कधी उजळायचा, कधी मंदावायचा. दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांचा आकडा ऐकायचा नाही, अशी गटाची अट होती. एकट्याची नोंद धरत नसत.

दुसरा माणूस म्हणजे दादा. नाहीतर तरण्या पोरीला अंधार पडल्यावर मळ्यात कोण जाऊ देणार? हळदीला पाणी द्यायची वीज रात्रीचीच असायची, दादाला जावं लागायचंच, म्हणून आईने हो म्हटलं. दादा सुरुवातीला चिडवायचा — दगडच बघायचे तर आपल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर काय कमी पडलेत? मग एकदा डोळा लावला आणि अडकला. मोटर सुरू केली की आधी दुर्बिणीपाशी, मग वाफ्यांकडे. अंधुक ठिपका सरळ बघितला की हरवतो. नजर थोडी बाजूला ठेवली की डोळ्याच्या कडेने दिसतो. मला ते जमायला फार वेळ लागला. दादाला पहिल्याच दिवशी जमलं, आणि आठवडाभर त्याने मला त्यावरून सळो की पळो केलं.

मी लांबण लावते आहे, नाही का? माझं मलाच कळतं आहे.

पुढच्या खेपेला, सव्वा-दीड वर्षाने, तो दगड पुन्हा जवळ आला तेव्हा दादा बदलला होता. डोळा लावून फार वेळ बसायचा. आकडा विचारला की आधी मलाच विचारायचा, काल होता तेवढाच आहे ना? अट मोडते म्हणून मी रागवायचे. घरी जेवताना ताटाशेजारचा पेला त्याच्या हाताने सांडायचा. गाडी आत घेताना हँडल फाटकाला घासायचं. आई त्याला धांदरट म्हणायची, वहिनी हसायची, तोही हसायचा. मी हसत नव्हते. डोळ्याच्या कडेने बघणं ज्याला सगळ्यांत आधी जमलं, त्याला कडेचंच दिसेनासं झालंय — हे त्या घरात एकटीला मलाच सुचण्यासारखं होतं. आणि मला ते सुचलं होतं.

मग मी काय केलं असेल? दवाखान्यात नेलं असेल?

मी त्याची परीक्षा घेतली. तो मोटर लावून येईपर्यंत दुर्बिणीची नळी थोडी ढकलून ठेवली. लघुग्रह पार बाहेर गेला. दोन-चार भलतेच तारे तेवढे राहिले. दादा आला, हात पुसले, वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते — आता म्हणेल दिसत नाही, आता म्हणेल.

"हाये न," तो म्हणाला. "कालच्याहून जराक बारीक दिसून राह्यला."

एवढं बोलणं माझ्या जिवावर का यावं, की दादा, तिथे काहीच नाही, उद्या अकोल्याला चल, डोळे दाखवू? चार शब्द. पण दादाचे डोळे गेले की दुसरा माणूस गेला. दुसरा माणूस गेला की नोंदी गेल्या, मळ्यात येणं गेलं, आणि आई लगेच स्थळं बघायला लागणार. गटाच्या अहवालात माझं नाव यायचं होतं. मी विचार केला — हो, विचार केला, गडबडीत झालेलं नाही हे — की एवढी खेप संपू दे, मग बोलू.

मी म्हटलं, बरोबर आहे दादा. नळी हळूच जागेवर आणली, माझा आकडा घेतला, त्याच्या जवळपासचा एक दादाच्या नावाने मोबाईलवरून पाठवून दिला. त्यानंतर दादाचे सगळे आकडे मीच ठरवले. ती खेप संपली. मी बोलले नाही. पुढचीही आली आणि गेली.

अहवाल आला, त्यात दोघांची नावं होती. दादाने जवळच्या मालेगावच्या बाजारात ओळखीच्या प्रत्येक दुकानात मोबाईल काढून दाखवला. माझ्यापेक्षा त्यालाच कौतुक.

बाजाराच्या त्याच रस्त्यावर, काही महिन्यांनी, गाडीवर असताना बाजूने आलेली गाय त्याला दिसली नाही. फार लागलं नाही. पण मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी आम्हाला अकोल्याला पाठवलं. काचबिंदू. कडेची नजर आधी खातो आणि आत सरकत येतो, दुखत नाही, खुपत नाही. तिथले डॉक्टर चांगले होते, आवाज न चढवता म्हणाले, गेलेलं परत येत नाही; सुरुवातीला आला असता तर नुसत्या थेंबांवर टिकवलं असतं. मी दादाच्या शेजारीच उभी होते. वहिनीने विचारलं, पण कळणार कसं हो सुरुवातीला? मी तिच्या पिशवीचा बंद धरून उभी राहिले.

आता त्याला नळीतून बघावं तेवढं समोरचं दिसतं. गाडी विकली. पाणी द्यायला वहिनी जाते. मी त्या अहवालाच्या जोरावर पुढे शिकले, कॉलेजात शिकवते, मुलं मला मान देतात. घरी गेले की रडू येतं आणि सगळ्यांना वाटतं, भावावर फार जीव आहे हिचा. आहेच. तीच तर रड आहे.

गेल्या दिवाळीला गेले होते. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. दादाने चाचपत माझा हात शोधला.

"तुले एक सांगाचं राह्यलं," म्हणाला. "आखरी आखरीले मले तो दिसतच नोता. मी खोटं सांगून राह्यलो होतो. तुयं रात्रीचं येणं बंद होईन म्हणून. तुयं काम नासवलं मी. माफ कर वं मले."

इतकी वर्षं त्याच्या मनात हे होतं. त्याला वाटत होतं, फसवलं त्याने मला. तेव्हा तरी बोलायचं ना? कुणी नव्हतं तिथे. तो स्वतःच दार उघडून उभा होता.

मी त्याचा हात थोपटला. म्हटलं, "जाऊ दे, दादा. माफ केलं."