भारोभार गूळ

कौशल्याबाईंनी चुलीवरची भाकरी उतरवली अन् लेकीच्या ताटात टाकली. अकरा वर्षांची मनकर्णा म्हणाली, "माय, आज नको."

"काऊन नको? खाय मुकाट्यानं." तुपाची धार पडलीच.

तेवढ्यात कडी वाजली. दारात गावचा मापारी हिंमतराव, खांद्यावर मोठ्या तराजूची दांडी. "वहिनी, मारुतीच्या पारापाशी काटा टांगतो. किलोचे नवे वजनंबी आणले. मणाचा जमाना गेला, गावाले आकडा किलोत सांगू!"

मनकर्णानं मान खाली घातली.

तिच्याआधीची तिन्ही लेकरं सुकून सुकून वर्षाच्या आत गेली होती. हिच्या वेळी कौशल्याबाईंनी मारुतीला नवस बोलला: पोर जगली अन् अकरा वर्षांची झाली, की तिच्या भारोभार गूळ गावात वाटीन. मग भीतीपोटी भरवतच राहिल्या. लेकीनं नाही म्हटलं की त्यांचे डोळे भरायचे. म्हणून मनकर्णानं नाही म्हणणंच सोडून दिलं.

शाळेत तिला लंगडीच्या डावात कोणी घेत नसे. "बाजूले हो वं, कोहळ्या!" यंदा मात्र नवल घडलं. मधल्या सुट्टीत पोरी तिच्याभोवती बसू लागल्या. कोणी शेंगदाणे द्यायचं, कोणी घरचा लाडू. भूक नसली तरी ती खायची. आपल्या शेजारी बसायला कोणाला तरी आवडतं, एवढ्याचंच तिला अप्रूप.

काल विहिरीआड तिनं आशाचं बोलणं ऐकलं, त्याच लाडूवाल्या आशाचं.

"खाऊ घाला वं तिले! जेवढी फुगन, तेवढा आपल्या वाट्याले गूळ जास्त."

सगळ्या खिदळल्या. तेव्हापासून मनकर्णाला अन्न नकोसं झालं होतं.

"पोरीच्या बापाले सांगा, गुळाच्या दोन भेली जादा आणा," हिंमतराव जाता जाता म्हणाला. "देवानं तुमचं जरा जास्तच ऐकलं!"

माय हसली, चक्क कौतुकानं. विहिरीआडच्या हसण्यापेक्षा हे हसणं पोरीला जास्त लागलं.

"चाल, नवा परकर घाल. लोक वाट पाहून राह्यले."

मनकर्णानं ताट बाजूला सारलं.

"माय, नवस फेड. गूळबी सगळ्याईले वाट. फक्त मले घरातच जोखाले सांग, दार लावून."