अण्णाची पत्रिका आणि एक रोमन कवी

अण्णा, माझा थोरला भाऊ, कॉलेजातून निवृत्त झाला आणि एका रोमन कवीच्या मागे लागला. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस. कोण, कसा, काही माहीत नाही. त्याने ज्योतिषावर पाच भागांचं काव्य लिहिलं, एवढंच. अण्णा ते इंग्रजीवरून मराठीत आणत होता. राजाजीनगरातल्या माझ्या घरी मराठी टाइपरायटर होता, म्हणून दर रविवारी पानं माझ्याकडे यायची.

माझ्या लक्षात एकच गोष्ट राहिली. ग्रहांचं पुढे सांगेन, असं कवी म्हणतो आणि सांगतच नाही.

"ग्रहांवाचून पत्रिका कशी मांडायची रे?" मी विचारलं. "भाताला तांदूळ विसरलेला आचारी दिसतोय तुझा."

"तू स्वल्प गप्प बस आणि टाइप कर." स्वल्प म्हणजे जरा, इथल्या कानडीतलं.

नव्वदच्या दशकातल्या मधल्या एका वर्षी, दिवाळीच्या सुमारास, त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. महिन्याच्या आत बायपास करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णाने पत्रिका काढली.

"शनीची दशा आहे. संक्रांतीला संपते. मग बघू."

"डॉक्टर महिना म्हणाले."

"जे व्हायचं ते जन्मालाच ठरतं. माझा कवी तेच सांगतो."

"ठरलंच आहे तर संक्रांतीपर्यंत तरी कशाला थांबतोस?"

तो चिडून निघून गेला.

तरी मी हॉस्पिटलचे कागद तयार करायला घेतले. वयाच्या पुराव्याला त्याचा जन्मदाखला होता. त्यावरची तारीख पत्रिकेतल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची निघाली. कारकुनाची चूक, असं आधी वाटलं. मग आईचं बोलणं आठवलं. सोमवारी रात्रभर कळा दिल्या, उजाडायला थोडा वेळ असताना हा झाला, असं ती सांगायची. आमच्या घरी वार सूर्योदयाला बदलायचा. पत्रिकेत वेळ होती पहाटे साडेतीन; घरच्या हिशेबाने तेव्हा अजून सोमवारच. वडिलांनी कोलारच्या जोशांना तसंच कळवलं असणार: सोमवार, रात्री साडेतीन. जोशी मात्र घड्याळाने चालणारे. त्यांनी सोमवार मध्यरात्रीपासून धरला आणि कळा सुरू होण्याआधीची पहाट घेतली. पत्रिका एक अख्खा दिवस आधीची झाली.

दुसऱ्या जोशांकडून मी नवी मांडून घेतली. चंद्राचं नक्षत्र बदललं होतं, म्हणून दशाही बदलल्या. शनीची दशा संपून कितीतरी वर्षं झाली होती. आता अण्णाला थांबायला कारणच उरलं नव्हतं.

पण नक्षत्राबरोबर नाडीही बदलली होती. ते पाहिलं आणि कागद मी कपाटात ठेवून दिला.

अण्णाचं तरुणपणी एके ठिकाणी जवळजवळ ठरलं होतं. मुलगी त्याच्याच वर्गातली, दोघांची पसंती. पत्रिका जुळवताना दोघांची एकच नाडी निघाली. एकनाडीला कोण मुलगी देणार? दोन्ही घरांनी पाय मागे घेतला. अण्णाने लग्नच केलं नाही. असेल नशिबात, म्हणायचा. हा कवी त्याला का आवडला, ते मला तेव्हा कळलं.

कागद दाखवला तर तो ऑपरेशनला तयार होईल, पण त्यावरची नाडीही त्याला दिसेल. पाच दिवस मी गप्प बसले. सहाव्या दिवशी तो आला तेव्हा जिन्यात दोनदा टेकला. मी कपाट उघडलं.

अण्णाने दाखला वाचला, पत्रिका वाचली. दशेवरून त्याचं बोट खाली सरकलं आणि नाडीपाशी थांबलं.

"म्हणजे एकनाडी नव्हतीच."

"नव्हती."

"आईला कुणी विचारलंच नाही."

"नाही."

त्याने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मी चहा टाकला. चहा तसाच गार झाला.

"कुठे सही करायची?" त्याने विचारलं.

ऑपरेशन नीट झालं. अण्णा आता धाप न लागता जिना चढतो, रविवारी अळणी आमटी जेवतो. पानं मात्र आणत नाही. चौथा भाग अर्ध्यावर पडून आहे.

"पुढचं कधी देतोस?" मी एकदा विचारलं. "रिबन वाळतेय माझी."

"ठेव झाकून," तो म्हणाला.

नवी पत्रिका त्याने घरी नेलीच नाही. ती माझ्या कपाटात आहे, त्याच्या दाखल्याला टाचलेली.