कागदोपत्री शेजारीण

मी फेडरल अपील कोर्टात न्यायाधीश आहे. लोकांना वाटतं, रोज उलटतपासण्या, रडणारे साक्षीदार, समोर ज्युरी. आमच्याकडे तसलं काही नसतं. खालच्या कोर्टात झालं ते कागदावर येतं, आम्ही तिघे ते वाचतो, वकिलांना थोडं छळतो आणि निकाल लिहितो. कागदात नाही ते आमच्या लेखी घडलेलंच नसतं. या नियमावर माझा विश्वास आहे, आणि त्याच्यापायी माझी मावशी माझ्याशी बोलेनाशी झाली होती.

मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. माझी आई एकुलती एक. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आमच्या शेजारच्या घरात मावशी आणि काका राहायचे, दोघेही नागपूरचे. माझे बाबा मी लहान असतानाच गेले. आई हॉस्पिटलात डॉक्टर, तिच्या ड्यूट्या कशाही लागायच्या. त्यामुळे शाळेची बस मला मावशीच्या दारात सोडायची. तिला मूल नव्हतं. त्यावरून कुणी हळहळलं की ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "ही एकच पुरून उरते." स्नोमुळे शाळा बंद असली की तिच्या बेसमेंटमध्ये माझं मराठी शुद्धलेखन चालायचं. मी इंग्रजीत उत्तर दिलं तर तिला ऐकूच यायचं नाही. आज हे मी मराठीत लिहिते आहे ते तिच्या त्या बहिरेपणाच्या जिवावर. फार उपकार आहेत या बाईचे माझ्यावर.

पुढे मी वकील झाले, मग राज्याच्या कोर्टात न्यायाधीश झाले, आणि एके दिवशी वॉशिंग्टनहून फोन आला. अपील कोर्टासाठी माझं नाव सुचवायचा विचार चालला होता. ही नेमणूक जन्मभराची असते, म्हणून आधी तुमचा सगळा जन्म उकरून काढतात. वर्गमैत्रिणी, जुने बॉस, शेजारीपाजारी, सगळ्यांकडे चौकशी अधिकारी जाऊन येतो.

तो मावशीकडेही गेला. तिने त्याला पोहे खायला घातले आणि नातं विचारल्यावर ठणकावून सांगितलं, "मावशी. मदर्स सिस्टर." तिथून तो आईकडे गेला. आई म्हणाली, मला बहीणच नाही.

मग तो माझ्याकडे आला. भारतात जन्मलेली सख्खी मावशी मी नेमणुकीच्या अर्जात दडवली होती, असा त्याचा समज झाला होता. शिवाय मावशीच्या बोलण्यात अर्धा डझन काका येऊन गेले होते, आणि त्यांतला एकही माझ्या अर्जात नव्हता. मला हसू फुटलं. तो हसला नाही. सरकारी अधिकाऱ्याला खोटं सांगणं हा गुन्हा आहे, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी मावशीला फोन केला. "मावशी, तो परत येईल. त्याला क्लिअर सांग, आपण रिलेटेड नाही. नेबर आहोत म्हण."

"नेबर?"

"लीगली, गं."

"काय बोलून राहिलीस तू? जज्ज होणार ना? मग मला खोटं बोलायला कशी लावतेस?"

वाद घालण्यावर माझं पोट चालतं, पण तिच्यापुढे माझी डाळ शिजेना. शेवटी मी वैतागून म्हणाले, "नाही सांगितलंस तर माझं नाव कॅन्सल होईल, मावशी." ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिने सांगितलं. या वेळी पोहे नव्हते. आईने अंगणातून सगळं ऐकलं. मावशी दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आय अ‍ॅम नोबडी. ओन्ली नेबर. राइट इट." मीही लेखी दिलं की या बाईशी माझं कोणतंही नातं नाही. कायद्याच्या दृष्टीने वाक्य चोख होतं. सही करताना मला रडू आलं, पण सही केली.

नाव मंजूर झालं. मी फोन केला की काका उचलायचे. "ती देवळात गेलीये," ते सांगायचे, आणि मागून तिचाच आवाज ऐकू यायचा. शपथविधीला ती येईल की नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. आई पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मी शपथ घेतली. त्यानंतर घरच्या माणसाने नव्या न्यायाधीशाला काळा झगा चढवायचा, अशी इथली पद्धत आहे. आई उठली आणि मागे वळून तिने चक्क हाक मारली, "अगं, ये ना! मला हिच्या खांद्यापर्यंत हात पुरत नाही."

आई माझ्याहून उंच आहे.

शेवटच्या रांगेतून मावशी आली. अंगावर पैठणी, पायांत स्नोचे बूट. माझ्यापुढे येऊन म्हणाली, "वाक." मी वाकले. तिने झगा चढवला, चेन ओढली, माझे खांदे झटकले. "जेवत जा नीट," ती पुटपुटली. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी बोलत होती.

मुख्य न्यायाधीशांनी अदबीने माइकवरून विचारलं, या कोण? मावशीने तोंड उघडलं. ती पुन्हा "नेबर" म्हणणार, ते मला दिसत होतं. मी तिच्या आधी बोलले.

"माय मदर्स सिस्टर."

झगा घातल्यावर माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. सरकारच्या कागदात नेमकं याच्या उलट लिहिलेलं आहे, तेही माझ्याच सहीनिशी. मावशीने माझा उजवा हात घट्ट धरला आणि पुढे सगळा वेळ सोडलाच नाही. त्या दिवशी मी डाव्या हाताने जेवले.